चौदा नंबरची पाचर

फोनची टूं टूं दोन प्रकारची असते, हे तिला अक्षरं यायच्या आधी येत होतं. बाबांनी तिला स्टुलावर उभं करून रिसीव्हर कानाला लावला होता. सावकाश टूं… टूं… वाजलं, तर समोरचा माणूस दुसऱ्याशी बोलतोय. मोकळा झाला की लागेल. आणि घाईघाईनं टूंटूंटूंटूं वाजलं, तर माणसाचा काही दोष नाही. त्याच्यापर्यंत जायची वाटच भरलेली आहे. “पहिल्यात माणूस अडकलाय, दुसऱ्यात रस्ता,” बाबा म्हणाले होते. “रागवायचं कुणावर, ते आधी कानानं ठरवायचं.”

त्यामुळे बाबा गेले त्या दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तिनं मोबाइलवरून घरी फोन लावला आणि सावकाश टूं… टूं… ऐकू आलं, तेव्हा तिनं कानानं ठरवून टाकलं. बाबा कुणाशी तरी बोलतायत. म्हणजे बरे आहेत. तिला हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं, कारण बापलेकीचं बोलणं बंद होऊन पाच महिने झाले होते. फोन तिनं केला तो आईनं सांगितलं म्हणून. आई दोन दिवसांसाठी मावशीकडे गेली होती आणि सकाळी मावशीच्या मोबाइलवरून म्हणाली होती, “अर्धी रजा टाकून घरी येणार आहेत म्हणे दुपारी. कधी टाकतात का रजा? तू आपलं विचार, जेवलात का. बाकी नका बोलू दोघं. जेवलात का, एवढंच.”

तिनं विचारायचा एक प्रयत्न केला. दुसरा केला नाही.

संध्याकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला आणि ती पोचली, तेव्हा बाबा टेलिफोनशेजारच्या खुर्चीत होते. रिसीव्हर जागच्या जागी ठेवलेला, वायरीचा पीळसुद्धा सोडवलेला. डॉक्टर म्हणाले, दोन ते चारच्या मध्ये. काकू म्हणाल्या, कळलंही नसेल हो त्यांना. सगळे तेच म्हणत होते. तिला मात्र कळत होतं की दोन वाजून दहा मिनिटांनी या माणसाच्या हातात रिसीव्हर होता. मग तो कुणाशी बोलत होता?

माणसं आतल्या खोलीत होती तेवढ्यात तिनं रिसीव्हर उचलला आणि शेवटचा नंबर पुन्हा लावायचं बटण दाबलं. नंबर जाताना होणारे सूर तिनं मोजले. सात. तिचा मोबाइल नंबर दहा आकडी होता. पलीकडून कुणीतरी जड आवाजात म्हणालं, “फ्रेम.” तिनं काही न बोलता फोन ठेवला.

फ्रेम म्हणजे एक्सचेंजमधली बाबांची खोली. मरायच्या आधी बाबांनी शेवटचा फोन ऑफिसला केला होता.

ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. दात आपलेच, ओठही आपलेच. आईला सांगून आईचं काय भलं होणार होतं? पण पुढचे तीन आठवडे ती हेच चघळत राहिली. बायको, मुलगी, शेजार, दवाखाना, सगळं सोडून त्या माणसाला शेवटच्या घटकेला आठवलं ते लोखंडाचं रॅक.

*

भांडण मुळात दोन कंपन्यांचं होतं. तारेचे फोन देणारी ती जुनी कंपनी आणि बिनतारी फोन देणारी ती नवी. गावभर त्यांना जुनी आणि नवी असंच म्हणत, जणू एका घरात आलेल्या दोन सुना. नवीचा फोन जुनीच्या फोनला लागायचा तर दोघींच्या मधल्या लाइन लागत, आणि त्या लाइन बाबांच्या फ्रेमवरून जात. नवी म्हणे, आमचे लोक वाढले, आम्हाला शेकड्यानं लाइन द्या. जुनी म्हणे, नव्वद दिल्यात, त्या आधी चाचणीत उतरू देत. कागदावर नव्वद खऱ्याच होत्या. त्यातल्या बासष्ट बंद ठेवल्या होत्या.

बंद ठेवायची रीत साधी होती. फ्रेमवर पितळी जिभल्यांच्या जोड्या असतात. जिभेला जीभ चिकटलेली असली की लाइन चालू. दोन जिभांच्या मध्ये बोटाच्या पेराएवढी लाल प्लास्टिकची पाचर सरकवली की लाइन मेली. तार तुटत नाही, काही बिघडत नाही, पाचर काढली की पुन्हा जिवंत. लोक पाचर मारणं तोंडानं म्हणतात. बाबा ते बोटांनी करत. प्रत्येक पाचरीची नोंद रजिस्टरात होई: लाइनचा नंबर, तारीख, कारण, सही. बासष्ट ओळींच्या कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, ‘चाचणी’. बासष्ट सह्या बाबांच्या.

आणि ती नोकरीला लागली नव्या कंपनीत. तक्रारींच्या हॉलमध्ये चाळीस टेबलं, चाळीस हेडफोन, आणि प्रत्येक टेबलावर चिकटपट्टीनं लावलेला कागद: ‘समोरच्या कंपनीकडून पुरेशा लाइन मिळालेल्या नाहीत. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ दिवसातून दीडशे वेळा ती हे वाचे. जुनीच्या तक्रार खिडकीवर असाच दुसरा कागद होता, त्यावर लिहिलं होतं की नव्या कंपनीची यंत्रणा चाचणीत बसत नाही. लोक या खिडकीवरून त्या खिडकीवर जात. दोन्हीकडे हात वर.

सुरुवातीला घरात याची गंमतच झाली. “म्हणजे मी पाचर मारायची आणि तू लोकांची समजूत घालायची,” बाबा आईला ऐकवत म्हणाले. “घरचाच धंदा झाला की. पाटी लावू या बाहेर.”

“पाटी लावा नाहीतर काही लावा,” आई म्हणाली, “पण माझा फोन हिला लागत नाही त्याचं बघा आधी.”

“चाचणी चालू आहे.”

“कसली मेली चाचणी. मुलीचा आवाज ऐकायला मी परीक्षेला बसू का आता?”

मग एका रात्री जेवताना तिनं एका म्हाताऱ्या मास्तरांची गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे नवीचा मोबाइल, मुलाकडे जुनीचा फोन. तीन दिवस लागत नव्हता. ते रागावले नव्हते, अगदी हळू बोलत होते. म्हणाले, बाई, बाकी काही नाही, मी मेलो तर मुलाला कळवायचं कसं तेवढं सांगून ठेवा.

बाबा घास चावत म्हणाले, “पत्र टाका म्हणावं.”

त्यांना विनोद करायचा होता, हे तिला आज कळतं. तेव्हा कळलं नाही. ती म्हणाली, “लाज नाही वाटत?”

“मला कशाला वाटेल? हुकूम वरून येतो.”

“हुकूम वरून येत असेल. हात कुणाचा असतो?”

आई म्हणाली, “अगं.” बाबांनी ताटाकडे पाहिलं, मग उजव्या हाताकडे पाहिलं, अन्न लागलेल्या बोटांकडे. उठून हात धुतला, जरा जास्तच वेळ धुतला. पुढच्या आठवड्यात तिनं ऑफिसजवळ खोली घेतली, आणि मधला निरोप्या म्हणून आई राहिली.

*

बाबा गेल्यावर जुनीनं शोकसभा घेतली. सतत उपलब्ध असणारा माणूस, शिस्तीचा पुतळा, अशी भाषणं झाली. मेल्या म्हशीला मणभर दूध. जो मोठा साहेब बोलला, त्यानं बाबांचं आडनाव दोनदा चुकवलं.

त्याच सुमाराला कंपन्यांचं भांडण लवादापुढे गेलं. नवीनं तक्रार केली की नव्वद लाइन सांगून अठ्ठावीसच चालू ठेवल्यात. जुनीनं लेखी उत्तर दिलं. ते उत्तर नवीच्या वकिलानं तिला केबिनमध्ये बोलावून दाखवलं. वकील गोड माणूस होता. बसा म्हणाला, पाणी मागवलं, आणि बोट ठेवून एक ओळ वाचायला दिली. ‘फ्रेमवरील संबंधित कर्मचारी (आता दिवंगत) यांच्या हलगर्जीपणामुळे चाचणीनंतर काही पाचरी काढावयाच्या राहून गेल्या असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

“बघा,” वकील म्हणाला. “बोलू शकत नाही त्या माणसाच्या गळ्यात घालतायत. तुम्हाला काय वाटतं?”

तिनं ओळ पुन्हा वाचली. बाबांच्या आयुष्यात हलगर्जी अशी गोष्ट एकच होती, ती म्हणजे त्यांचा चष्मा.

“तुमचे वडील दुपारी घरी एकटे होते. तुमच्याकडे आपला फोन. त्यांच्या छातीत दुखायला लागलं, त्यांनी मुलीला मदतीसाठी फोन लावला, आणि लागला नाही, कारण लाइन बंद. असं झालं असेल का? मी नुसतं विचारतोय.”

“त्यांनी शेवटचा फोन ऑफिसला केला होता,” ती म्हणाली.

“शेवटचा. त्याआधीचं कुणाला माहीत?” वकिलानं पेन टेबलावर आडवं ठेवलं. “जुनीच्या कागदांत असणार. तुमचं तिथं जाणं-येणं असेल की. वडिलांचं सामान वगैरे आणायला. तुमचे वडील निर्दोष ठरतील. विचार करा.”

तिनं विचार केला. वकील कावेबाज होता यात शंका नव्हती. पण प्रश्न त्यानं बरोबर विचारला होता. शेवटच्या आधीचं कुणाला माहीत? ते कळलं नाही, तर जन्मभर ती त्या सात सुरांपाशी उभी राहणार होती.

*

एक्सचेंजच्या इमारतीत ती लहानपणी शंभरदा आली होती. तोच जिना, तोच गरम धुळीचा वास, फ्रेमच्या खोलीत तीच छतापर्यंत गेलेली लोखंडी चौकट आणि तिच्या अंगावर रंगीत तारांचे झुबके. फक्त बाबांच्या खुर्चीत पोपटकाका बसले होते, आणि तिला पाहताच ते अर्धे उठले, जणू खुर्ची चोरताना सापडले.

पोपट हे नाव बाबांनीच पाडलेलं. फ्रेमवर एकानं नंबर वाचायचा आणि दुसऱ्यानं तो मोठ्यानं परत म्हणून मगच तारेला हात लावायचा, अशी पद्धत. चुकीच्या घराचा फोन तुटू नये म्हणून. हे गृहस्थ ती सवय घरीही नेत. बायकोनं मीठ आण म्हटलं तर “मीठ, आणतो,” म्हणत. पंधरा वर्षं ते बाबांच्या हाताखाली होते आणि बाबांची वाक्यं बाबांच्या हेलात म्हणत.

“सामान काढून ठेवलंय,” ते म्हणाले. एका पुठ्ठ्याच्या खोक्यात डबा, स्वेटर, तार सोलायचा चिमटा, दोन चष्मे. “चहा सांगू?”

“नको. काका, एक विचारू? घरचा फोन चाचणीचा होता ना?”

हेही तिला ठाऊक होतं. फ्रेमच्या मुख्य माणसाच्या घरचा फोन एक्सचेंजला तपासणीसाठी जोडलेला असे; त्यावरून फिरवलेला प्रत्येक नंबर, लागो न लागो, इथल्या कागदी पट्टीवर उमटे. बाबा आईला दम देत, माहेरी किती वेळ बोलतेस ते ऑफिसात छापून येतं बरं का.

पोपटकाकांनी दार लोटून घेतलं. मग टेबलाचा खालचा खण उघडला, रजिस्टराच्या खालून एक वीतभर कागदाची पट्टी काढली आणि तिच्यापुढे ठेवली. इतक्या पटकन, की ती येईल याची ते तीन आठवडे वाट बघत असावेत.

पट्टीवर दहा ओळी होत्या. पहिल्या नऊ ओळींत तिचा नंबर. दोन वाजून चार मिनिटं. पाच. सात. नऊ. दहा. अकरा. चौदा. सोळा. एकोणीस. प्रत्येक ओळीपुढे एकच शेरा: मार्ग मोकळा नाही.

तिचं बोट दोन वाजून दहावर थांबलं. त्या मिनिटाला ती एका टोकाला उभी होती आणि तिच्या कानात सावकाश टूं… टूं… वाजत होतं. बाबा दुसऱ्या टोकाला होते आणि त्यांच्या कानात घाईघाईचं वाजत होतं. अठ्ठावीस मोकळ्या लाइनींपैकी जी एक तेवढ्यात रिकामी झाली असेल, ती कदाचित तिनंच घेतली होती. बाबा बोलतायत असं समजून तिनं फोन खिशात टाकला होता.

“नऊ,” ती म्हणाली.

“नऊ,” पोपटकाका म्हणाले.

फ्रेमच्या मागे कुठेतरी पंखा घरघरत होता.

“आणि हा दहावा,” तिनं विचारलं. दोन वाजून एकवीस, फ्रेमचा नंबर, चाळीस सेकंद. “हा तुम्ही घेतला?”

त्यांनी मान हलवली. मग ते उभे राहिले, चौकटीपाशी गेले आणि तिच्याकडे पाठ करून बोलू लागले. “आवाज नेहमीचाच होता ग. जरा दमल्यासारखा. म्हणाले, पोपट, नवीच्या ओळीतली चौदा नंबरची पाचर काढ. दोन मिनिटं. मग परत मार. मी म्हटलं, चौदा नंबर, काढतो. हात गेला बघ माझा. ही इथे, कोपराच्या उंचीला आहे.” त्यांनी बोटानं दाखवली. लाल पाचरींची एक लांब ओळ, हिरड्यांसारखी. “आणि मग मला हसू आलं. म्हटलं, साहेब, तुम्हीच शिकवलंत ना. लेखी हुकमाशिवाय पाचरीला हात लावायचा नाही. मग तो कुणी का सांगेना. तुमच्याच आवाजात म्हणून दाखवलं मी त्यांना. मला वाटलं, परीक्षा घेतायत माझी. घ्यायचे अधूनमधून.”

“मग?”

“मग काही नाही. म्हणाले, बरोबर आहे. तुझं बरोबर आहे. आणि ठेवायच्या आधी म्हणाले, हात माझाच आहे. ते मला काही कळलं नाही. म्हटलं उद्या विचारू.”

त्या रात्री जेवताना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं ते. बरोबर माणसापर्यंत आलं होतं, फक्त तीन आठवडे उशिरा आणि एका पोपटाच्या तोंडून.

“बरं वाटत नाही, असं म्हणाले?”

“अक्षर नाही. म्हणाले असते तर मी पाचरींची अख्खी ओळ उपटली असती. दवाखान्याचा तीन आकडी नंबर तर आपल्याच तारेवर आहे, एका झटक्यात लागतो. तो लावला नाही त्यांनी. मी पट्टी दहादा वाचली. नाही लावला.”

“हा नियम कधी केला त्यांनी? लेखी हुकमाचा?”

“बासष्ट मारल्या त्या दिवशी.” पोपटकाका वळले. “मारायचा हुकूम तोंडी आला, फोनवरून. साहेबांनी तीनदा कागद मागितला. मिळाला नाही. तोंडी हुकमाला तोंड नसतं, म्हणायचे. मग म्हणाले, ठीक आहे. कधी ना कधी या काढा म्हणून सांगतीलच. तेव्हा मात्र कागदाशिवाय काढायच्या नाहीत. काढायचा कागद आला की मारल्या होत्या हेही त्यातच सिद्ध होतं. वरच्यांच्या सहीनं. तोवर एकसुद्धा हलता कामा नये. एक जरी आपण आपल्या मनानं काढली, तर बाकीच्याही आपणच आपल्या मनानं मारल्या असं म्हणतील.”

चांगला सापळा होता. वरच्या साहेबांसाठी लावलेला.

“काका, तुमचं—” ती म्हणाली.

“तू तरी म्हणू नकोस बरोबर आहे म्हणून,” ते म्हणाले, आणि रडायला लागले, आवाज न करता, हातातली रजिस्टराची कड न सोडता.

तिनं त्यांना जवळ घेतलं नाही. तेवढं मोठं मन त्या वेळी तिच्याकडे नव्हतं. तिनं पट्टीची घडी केली आणि बाबांच्या डब्यात ठेवली. “ही मी नेते.”

“ने. विचारलं तर हरवली म्हणेन.” मग त्यांनी नाक पुसलं. “पट्टी कुणाला दाखवलीस तर माझी नोकरी जाईल. जाऊ दे गेली तर. मी ने म्हणालोय.”

*

लवादाची बैठक एका बिनखिडक्यांच्या खोलीत झाली. लांब टेबल, एका बाजूला जुनीची माणसं, दुसऱ्या बाजूला नवीची, मधे पाण्याच्या सारख्याच बाटल्या. वकिलानं तिला आदल्या दिवशी तीन वाक्यं लिहून दिली होती. तिसऱ्यात ‘अखेरच्या क्षणी’ असे शब्द होते.

डबा तिच्या पिशवीत होता. पट्टी बाहेर काढली असती, तर बाबांनी नऊ वेळा फोन लावला हे सिद्ध झालं असतं. पाचरी हुकमानं मारल्या हे त्यातून सिद्ध होत नव्हतं. तो कागद कधी अस्तित्वातच नव्हता. पोपटकाका मात्र गेले असते. आणि वकील त्या नऊ ओळींना मदतीची हाक म्हणाला असता. ती मदतीची हाक नव्हती, हे या खोलीत फक्त तिला माहीत होतं. मदत तीन आकड्यांवर होती, बोटाशी होती. बाबांनी ते तीन आकडे सोडून दहा आकडे नऊ वेळा फिरवले. त्यांना वाचायचं नव्हतं असं नाही. आपण मरतोय हे त्यांना कळलंही नसेल. त्यांना तिच्याशी बोलायचं होतं. एवढंच. आणि तेवढं ती या टेबलावर, या बाटल्यांच्या मधे ठेवणार नव्हती.

लवादाचे अध्यक्ष म्हणाले, “त्या दुपारी तुमचा वडिलांशी संपर्क होऊ शकला नाही, असं तक्रारीत आहे. तुम्हाला स्वतःला काय माहीत आहे ते सांगा.”

“मी दोन वाजून दहा मिनिटांनी मोबाइलवरून घरी फोन केला,” ती म्हणाली. “सावकाश टूं टूं वाजलं.”

“म्हणजे?”

“म्हणजे लाइन मिळाली होती. फोन घरापर्यंत पोचला होता. घरचा फोन चालू होता, म्हणून लागला नाही.”

वकिलानं पेन उचललं आणि पुन्हा ठेवलं. पलीकडे जुनीचा एक माणूस दुसऱ्याच्या कानाशी लागला. त्यांच्या बाजूनं बोलणारी बाई नव्या कंपनीनंच आणून दिली होती.

“आणखी काही?”

“उत्तरात हलगर्जीपणा असा शब्द आहे,” ती म्हणाली. “माझ्या वडिलांनी रिसीव्हर ठेवताना वायरीचा पीळ सोडवून ठेवला होता. शेवटचा. त्यांनी बासष्ट पाचरी विसरून ठेवल्या नाहीत. त्या मारायला कुणीतरी सांगितल्या. कुणी, ते या टेबलावर बसलेल्यांना माहीत आहे.”

कुणी मान वर केली नाही. लेखनिकानं विचारलं, “हे मत म्हणून लिहू की माहिती म्हणून?”

“मत म्हणून,” अध्यक्ष म्हणाले.

बाहेर आल्यावर वकील तिच्याशी बोलला नाही. सोमवारी तिला तक्रारींच्या हॉलमधून उचलून जुन्या तक्रारींच्या फायली लावायच्या खोलीत बसवलं. तिथे कागद चिकटवलेला नव्हता, म्हणून एका अर्थी बरंच झालं.

लवादाचा निकाल कधी लागलाच नाही. दीड महिन्यानं दोन्ही कंपन्यांनी एकत्र बसून आपसात मिटवलं. सुना सुना एक झाल्या. काय देवाणघेवाण झाली ती त्यांची त्यांना ठाऊक. छायाचित्रात दोन्ही मोठे साहेब हात मिळवत होते. त्याच दिवशी फ्रेमवर कागद आला. लेखी, शिक्क्याचा, वरच्या सहीचा. बाबा ज्याची वाट बघत होते तोच.

पोपटकाकांनी दुपारच्या सुट्टीत तिच्या ऑफिसखाली येऊन त्याची नक्कल दिली. एकच परिच्छेद होता. ‘दिवंगत कर्मचाऱ्याकडून अनवधानाने राहिलेल्या बासष्ट पाचरी काढून टाकाव्यात. उभय पक्षांस हे मान्य आहे.’

“उभय पक्षांस,” पोपटकाका म्हणाले.

“तुम्ही काढल्या?”

“एकसष्ट मी काढल्या. चौदा नंबर दुसऱ्याला सांगितली. माझा हात जाईना.” त्यांनी खिशात हात घातला आणि मूठ तिच्यापुढे उघडली. लाल, पेराएवढी, एका कडेला किंचित घासलेली. तिनं ती घेतली. काहीच वजन नव्हतं तिला.

“रजिस्टरात कारण काय लिहिलंत?”

“चाचणी पूर्ण.”

ती वर आली, फायलींच्या खोलीत बसली. तीनच्या सुमाराला मोबाइल वाजला. पडद्यावर घरचा नंबर होता. आठ महिन्यांत पहिल्यांदा. दोन घंटा होईपर्यंत ती त्या आकड्यांकडे नुसती बघत राहिली.

“लागला बाई,” आई म्हणाली. “काम आहे का तुला? काही नाही, शेजारच्या म्हणाल्या, आता लागतात फोन, म्हणून बघितलं. पहिल्या फटक्यात लागला.”

“हो.”

“कशी आहेस? जेवलीस का?”

“जेवले.”

“यांना किती सांगायचे मी. अहो, बघा ना जरा, एवढं तुमच्या हातात आहे. तर आपलं एकच, चाचणी चालू आहे.” रिसीव्हर ती नेहमी दोन्ही हातांनी धरे, तसाच धरला असणार. त्याच खुर्चीत बसली असणार. “आता यांच्या जागी पोपट बसतो ना? हुशार आहे हो. वाटत नव्हतं तोंडावरून. यांना जमलं नाही ते त्यानं दोन-तीन महिन्यांत करून दाखवलं.”

पाचर तिच्या मुठीत होती. तिनं ती टेबलाच्या फटीत सरकवली, बाहेर काढली, पुन्हा सरकवली.

“ऐकू येतंय ना?” आई म्हणाली.

“येतंय,” ती म्हणाली. “अगदी स्पष्ट येतंय.”